लिंबसावळीची एकसष्ट बोळकी

ही आमची पेठ. वेशीपासून भैरोबाच्या देवळापर्यंत सरळ. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा माणूस चेहऱ्यानं ओळखू येतो. एवढी रुंद, एवढी सरळ पेठ पंचक्रोशीत कुठं नाही, असं आल्यागेल्याला आम्ही सांगतो. आणि सावली? औषधाला नाही. गावाचं नाव लिंबसावळी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लिंब दाखवा. मी तुम्हाला चहा पाजीन.

या, माझ्या ओट्यावर बसा ताई, आणि तुम्हीही या साहेब. रस्ता मोजायची टेप गुंडाळा जरा. रस्ता कुठं पळून जात नाही, दीडदोनशे वर्षं तिथंच तापतोय. मला महिपतीनाना म्हणतात, जातीनं साळी. या पेठेत चालू असलेला माग आता एकच, तो माझा. तुम्ही मघाशी विचारलंत, इथं झाडं का नाहीत आणि लावलेली जगत का नाहीत. ग्रामपंचायतीनं तीनदा लावली, तिन्ही वेळा वाळली. कोण म्हणतं खाली मुरूम आहे, कोण म्हणतं शाप आहे. खरं काय ते माझ्या आज्यानं मला सांगितलं, त्याला त्याच्या आज्यानं. जसं ऐकलं तसं सांगतो. खोटं निघालं तर पाप त्यांच्या माथी.

तेव्हा म्हणे ही पेठ अशी नव्हती. वेशीतून आत शिरली की डावीकडं वळायची, मग उजवीकडं, जनावर पाणी शोधत चालावं तशी. दोन्ही अंगांनी लिंबाची झाडं. फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळं भर वैशाखात खाली गारवा. गावात साळ्यांची घरं एकसष्ट. प्रत्येक घरात माग, पण मागाच्या आधीचं काम सगळं या रस्त्यावर व्हायचं. सुताचा ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, झाडापासून झाडापर्यंत ताणायचे, त्याला खळ लावायची, कुंचा फिरवायचा आणि सावलीत सावकाश वाळू द्यायचा. याला आम्ही पांजणी म्हणतो. हे काम उन्हात होत नाही. उन्हात खळ करकरीत वाळते आणि सूत तटातटा तुटतं. म्हणजे लोकांना जो रस्ता वाटायचा तो आमचा कारखाना होता बघा. गाडीवाले शिव्या घालत ताण्याखालून वाकून जायचे, आणि आमच्या बाया वर त्यांनाच दम द्यायच्या.

या पेठेत गोजराई म्हणून एक बाई होती. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. घरात माग होता, पण तो चालवायला माणूस नाही. मग ती दुसऱ्यांची पांजणी करायची. अख्ख्या पेठेचा ताणा तिच्या हाताखालून जायचा. खळ किती घट्ट हवी हे ती म्हणे नुसत्या वासावरून सांगायची. तिच्या दारापुढं सात लिंब होते, सगळ्यांत दाट सावली तिथं. तेच तिचं शेत, तीच तिची भाकरी. ती सावली गेली तर गोजराईनं खायचं काय, एवढीच ही गोष्ट आहे.

त्या काळी आमच्यावर एक सरदार होते. नाव आम्ही घेत नाही, नुसतं सरकार म्हणतो. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं. वरात हत्तीवरून अंबारीतून काढायची आणि भैरोबाच्या पायाशी आणायची, असा सरकारांचा नवस होता. पण आमच्या पेठेतून हत्ती जायचा कसा? फांद्या अंबारीला लागणार, वळणावर हत्ती अडणार. सरकारांच्या कारभाऱ्यानं येऊन पाहिलं आणि सांगितलं, झाडं काढावी लागतील, पेठ सरळ करावी लागेल, पुढं आलेले ओटे पाडावे लागतील.

आता इथं नीट ऐका, कारण लोक हे चुकीचं सांगतात. लोक म्हणतात सरकारांनी जुलूम केला. अजिबात नाही! सरकार भला माणूस होता. त्यांनी निरोप धाडला, माझ्या लेकीच्या लग्नात मला कुणाचा तळतळाट नको. एकेका घराला विचारा. सगळी घरं राजी असतील तरच पेठेला हात लावा. एक घर जरी नाही म्हणालं, तर वरात नदीकाठानं नेऊ. वाट लांबची आहे, पण चालेल. जुलमी असते तर बरं झालं असतं. जुलमी माणसाशी भांडता येतं, निदान रात्री अंथरुणात शिव्या तरी घालता येतात.

पेठेचा मुख्य होता भानशेट. तोही साळीच. त्यालाही झाडं हवी होती, त्याचाही ताणा तिथंच वाळायचा. त्यानं विचार केला, चावडीवर सगळ्यांना बोलावून विचारलं तर सरकारच्या माणसासमोर कोण तोंड उघडणार? माना खाली घालतील आणि म्हणतील, तुम्ही म्हणाल तसं. आमच्या गावाची ही जुनी खोड. तेव्हा कुणाचं मत काय ते कुणाला कळता कामा नये, म्हणजे माणूस मनातलं सांगेल. डोकं चांगलं होतं त्याचं. त्यानं कुंभाराकडून एकसष्ट बोळकी करून घेतली. संक्रांतीला असतात तशी, सगळी एका मापाची, एका रंगाची. घरटी एक वाटलं. सांगितलं, पेठ सरळ करायला राजी असाल तर बोळक्यात मूठभर जोंधळे घाला. राजी नसाल तर रिकामंच ठेवा. वर फडकं बांधा आणि उद्या सकाळी चावडीवर आणून ठेवा. कुणाचं कुठलं ते देवालाही कळणार नाही.

माझ्या नातवानं मला विचारलं होतं, उलटं का नाही केलं? भरलेलं म्हणजे नाही, असं ठेवायचं. मी काय सांगणार? भानशेटचा हिशेब असा होता म्हणे, की साल दुष्काळी, घरात जोंधळा मोजका. उगाच कोण धान्य घालवेल? रिकामं ठेवणं सोपं. म्हणजे गावाला नाही म्हणणं सोपं पडावं म्हणूनच त्यानं तसं केलं. पण तो गडी पुरुषमाणूस पडला. चुलीपाशी काय चालतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

ताई, तुम्हाला सांगायला नको. शेजारणीकडून भांडं आलं तर ते आपण रिकामं परत करतो का? भाजी नसेल तर चिमूटभर साखर घालतो, साखर नसेल तर मिठाचे चार खडे. रिकामं भांडं परत देणं म्हणजे समोरच्या घराचं वाईट चिंतणं. आणि हे भांडं कुणाकडून आलेलं? भानशेटच्या हातानं, पण सरकारांकडून. आणि कशासाठी? लेकीच्या लग्नासाठी. नवरीच्या नावानं आलेलं बोळकं रिकामं पाठवायचं? कुठल्या बाईचा हात धजेल?

गोजराईनं ठरवलं होतं रिकामं द्यायचं. घरी येऊन बोळक्याला फडकं बांधलं, कोनाड्यात ठेवलं आणि कामाला लागली. दिवसभर ती त्या कोनाड्याकडं बघत नव्हती असं सांगतात. दिवेलागण झाली. देवापुढं दिवा लावताना तिच्या मनात आलं, मला लेक असती तर? तिच्या लग्नाचं भांडं कुणी असं परत केलं असतं तर? झालं. फडकं सोडलं. डब्यात हात घातला तर जोंधळ्याचा दाणा नाही, होते ते कालच दळून संपलेले. मग तिनं काय करावं? उसन्याची वाटी घेऊन शेजारी येसूबाईकडं गेली आणि म्हणाली, येसू, मूठभर जोंधळे दे गं.

उसने आणून घातले तिनं. स्वतःची भाकरी जाणार हे ठाऊक असून उसने जोंधळे आणून घातले! मला हे ऐकताना लहानपणी राग यायचा. मी आज्याला म्हणायचो, येडी होती का ती? आज्या म्हणायचा, तू असतास तर काय केलं असतंस? मी म्हणायचो, मी रिकामं दिलं असतं. आज्या नुसता हसायचा.

आणि गोजराई काही येडी नव्हती. तिनं विचार केला होता की आपण एकीनं घातलं तर काय होतंय? साठ घरं आहेत. त्यातलं एक तरी रिकामं येईलच. सरकारांनी एकच तर मागितलंय.

इकडं येसूबाईचं बोळकं तोवर रिकामं होतं. पण गोजराई जोंधळे घेऊन गेली आणि येसूबाई दारात उभी राहून विचार करायला लागली. जिचं पोट त्या झाडांवर आहे ती घालतेय, मग मी कोण नाही म्हणणारी? मीच एकटी पेठेत कुजकी ठरायची. तिनं घातले. येसूबाईच्या जावेनं तिला घालताना पाहिलं, तिनं घातले. एका घरातून दुसऱ्या घरात कुणी काही बोललं नाही, पण कळतंच. गावात न बोललेलं आधी कळतं. आणि घालणारा प्रत्येक जण मनात म्हणत होता, माझं असू दे भरलेलं, कुणीतरी रिकामं ठेवेलच.

भानशेटनं स्वतः? त्यानंही भरलं. तो मुख्य. म्हणाला असेल, मुख्याच्या घरचं रिकामं निघालं तर सरकारांना काय वाटेल. माझं सोडून साठ आहेत.

सकाळी चावडीवर सतरंजी अंथरली. कारभारी मधोमध बसला, एकसष्ट बोळकी पुढं मांडली. अख्खी पेठ गोळा झाली, बाया मागं भिंतीला टेकून. भानशेटनं पहिलं फडकं सोडलं आणि बोळकं सतरंजीवर पालथं केलं. जोंधळे पडले. दुसरं केलं, जोंधळे. दहा झाली, वीस झाली. तीस झाल्यावर म्हणे भानशेट थांबत थांबत उघडायला लागला. तो बोळकं उचलायचा, हातात जोखायचा, तेव्हाच त्याला कळायचं की जड आहे, तरी फडकं सोडायचा. पन्नास झाली. आता सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. तू? तू नाही का ठेवलंस? तुझं रिकामं असेल म्हणून मी... कुणी बोललं नाही यातलं काही. साठावं भरलेलं निघालं. एकसष्टावं भानशेटनं बराच वेळ हातात धरून ठेवलं. त्याला उघडवेना. शेवटी कारभाऱ्यानं हात पुढं करून त्याच्याकडून घेतलं आणि उघडलं. तेही भरलेलं.

कारभाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, दुष्काळात घरटी मूठ काढून दिलीत. असं एकदिलाचं गाव मी जन्मात पाहिलं नाही. त्यानं भानशेटच्या खांद्यावर शेला घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या! काय करतील, माणसं टाळ्याच वाजवतात. तिथंच कुणी उठून का बोललं नाही, असं तुम्ही विचाराल. अहो, एकसष्ट भरलेल्या बोळक्यांसमोर एकटा कोण उठणार? तो खोटारडा ठरला असता, स्वतःच घालून स्वतःच नाही म्हणणारा.

चौथ्या दिवशी कुऱ्हाडी आल्या. तोडीच्या पहिल्या दिवशी वेशीकडची झाडं पडली. तिसऱ्या दिवशी गोजराईच्या दारातल्या सात लिंबांची पाळी. ती ओट्यावर बसून होती. रडली नाही, आडवी पडली नाही. भानशेट तिच्यापुढं येऊन उभा राहिला, शेला खांद्यावर तसाच. म्हणाला, "गोजरे, अगं तू तरी रिकामं ठेवायचंस गं."

ती म्हणाली, "शेट, तुमचं कुठं रिकामं होतं?"

भानशेट वळला. तो गेला.

लोक म्हणतात, झाडं पडताना गोजराईनं शाप दिला, म्हणून इथं रोप धरत नाही. साफ खोटं. शाप द्यायला माणसाचा हात निर्मळ लागतो. ती एवढंच म्हणत होती, मीपण मूठ घातली होती. झाडं तोडणाऱ्या गड्यांना म्हणाली, येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणाली, मीपण घातली होती. पुढं पुढं लोक तिच्या दारावरून जायचे टाळायला लागले.

पेठ सरळ झाली. मुरूम टाकला, चुना टाकला, पुरुषभर खोल ठोकून काढला, हत्तीचं वजन पेलायला पाहिजे ना. मग वरात आली. वाजंत्री, घोडे, हत्ती, वर अंबारी. वेशीतून शिरली आणि देवळाशी पोचली, भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. दर्शन घेऊन वरात पलीकडच्या वाटेनं निघून गेली. पुन्हा या पेठेत हत्ती आलेला कुणी पाहिला नाही. असं सांगतात की भर दुपारची वेळ होती, नवरी घामानं निथळत होती. तिनं अंबारीचा पडदा सारून विचारलं, या गावात एकही झाड कसं नाही? पोरगी होती, तिला काय माहीत. तिला कुणी सांगितलं नाही, आणि पुढंही कधी कळलं नसावं.

वरात गेल्यावर गोजराईनं एक ताणा काढला. शेवटचा. दोन खुंट्या ठोकल्या आणि भर रस्त्यात, भर उन्हात सूत ताणलं. खळ लावली, कुंचा फिरवला. खळ वाळली आणि धागा तुटला. तिनं गाठ मारली. दुसरा तुटला, त्यालाही मारली. दिवसभर धागे तुटत होते आणि ती गाठी मारत होती. पेठेतल्या बाया दारातून बघत होत्या. एकसुद्धा पुढं झाली नाही, कारण पुढं होऊन काय करणार? सांज झाली तेव्हा त्या ताण्यात सुतापेक्षा गाठी जास्त होत्या. त्याचं लुगडं होणार नव्हतं. तिनं तो गुंडाळला आणि घरात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिला येसूबाईची आठवण झाली. उसनी मूठ द्यायची राहिली होती. दोघींत उसनं एकाच वाटीतून चालायचं. गोजराईनं ती वाटी घासली, पुसली, येसूबाईच्या दारात गेली आणि तिच्या हातात दिली. येसूबाईनं आत पाहिलं. वाटीत काही नव्हतं. गोजराई म्हणाली, "घे येसू. रिकामी घे. आधीच द्यायला पाहिजे होती."

येसूबाईनं वाटी घेतली. वाईट वाटून घेतलं नाही, उलट म्हणे ती वाटी छातीशी धरून दारातच बसली आणि मोठ्यानं रडली. एवढे दिवस पेठेत कुणी रडलं नव्हतं. ते ऐकून एकेका घरातून रडणं उठलं, माणूस गेल्यावर उठतं तसं. गोजराई घरी गेली. ती त्या आठवड्यात गेली म्हणतात. कशानं ते कुणी सांगत नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग माग बंद पडत गेले. नदीकाठी पांजणी करून पाहिली, तिथं वारा फार. घरात करून पाहिली, तेवढं लांब घर कुणाचं? एकेक घर उठून गेलं. कोण इचलकरंजीला, कोण येवल्याला. एकसष्टातली आज चार राहिली. भानशेट मात्र मरेपर्यंत इथंच होता. रोज सकाळी वेशीपासून देवळापर्यंत रोपं लावायचा, खांद्यावरून घागरी आणून पाणी घालायचा. एक रोप धरलं नाही. मरताना तो म्हणे बोलला, मी विचारायची रीत चुकलो. मला पटत नाही ते. रीत कुठलीही असती तरी आम्ही भरूनच दिलं असतं.

आजही आमच्या पेठेत शेजारणीचं भांडं परत करताना रिकामं देतात. बाहेरून आलेल्या सुनांना हे फार लागतं. नव्यानं आलेली पोर पहिल्यांदा साखर घालून देते, मग सासू ती काढून घेते आणि म्हणते, इथं असं नाही. घेणारी बाई भांडं उलटं करून दाखवते, दाणा नाही ना बघ म्हणून, आणि दोघी आत जातात. दीडदोनशे वर्षं झाली, कुणी चुकलेलं नाही. भांडी रिकामी द्यायला आम्ही शिकलो. तेवढंच शिकलो.

कारण ताई, परवा तुम्ही शाळेच्या भिंतीवर नव्या पेठेचा नकाशा लावलात. फरशी, दिवे, बाकडी, गाड्या लावायची जागा. गाव विचारल्याशिवाय काही करायचं नाही म्हणालात, आणि मला तुमचं कौतुक वाटलं, खरंच सांगतो. पसंत असेल तिथं हिरवी टिकली चिकटवा, नसेल तिथं लाल. संध्याकाळी नकाशा हिरवागार झाला. तुम्ही दोघं खूश झालात, फोटो काढलेत.

त्या नकाशात हा ओटा नाही. तुम्ही आत्ता बसलात तो. आणि आतली खोलीही अर्धी जाते, म्हणजे माग जातो. मागाला खड्डा लागतो, तो उचलून दुसरीकडं नेता येत नाही. तुम्हाला माहीत नसेल, तुमचा दोष नाही. बाहेरून नुसती भिंत दिसते.

तिथं, माझ्या घरावर, एक हिरवी टिकली आहे. ती मी लावली.

काय म्हणता? लाल का नाही लावली? अहो, तुम्ही एवढ्या उन्हातान्हाच्या आलात. टिकल्यांची दोन्ही पाकिटं माझ्यापुढं धरलीत आणि हसून म्हणालात, नाना, तुमच्या हातानं सुरुवात करा. मागं सगळं गाव उभं होतं. मला वाटलं, लाल कुणीतरी लावेलच.

काल शाळा सुटल्यावर मी एकटा गेलो होतो तिथं. नखानं काढून बघितली. निघत नाही हो ती.